अध्ययन अक्षमता तिसरीत ओळखा, दहावीची वाट पाहू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा सध्या सातवीत आहे. पाचवीत असताना त्याच्या परिसर अभ्यासाच्या उत्तरपत्रिकेवर बाईंनी लाल शाईने शेरा मारला होता, ‘लक्ष नाही. शुद्धलेखन व हस्ताक्षर सुधारणे.’ त्या उत्तरपत्रिकेत ‘सूर्य’ हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला होता, ‘घर’चे ‘धर’ झाले होते आणि २ व ६ या अंकांची उलटापालट झाली होती. त्याच संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना ओट्याशी उभे राहून त्याने मला समुद्राच्या पाण्याची वाफ होण्यापासून पाऊस पडेपर्यंतची सारी हकीकत न अडखळता सांगितली. उत्तरपत्रिकेत ज्या प्रश्नाला शून्य गुण होते, तोच तो प्रश्न होता.

पुढे तपासणीत त्याला अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा आकडेमोड जड जाणे, असल्याचे निष्पन्न झाले. तोपर्यंत दोन वर्षे आम्ही त्याच्याकडून चुकलेला एकेक शब्द पन्नास वेळा गिरवून घेत होतो आणि दर सोमवारी सकाळी त्याच्या पोटात दुखत होते. त्या पन्नास ओळींची रुखरुख मला आजही आहे. अहवाल घेऊन शाळेत गेल्यावर उत्तर मिळाले, ‘सवलती बोर्डाच्या परीक्षेला असतात. नववीत प्रमाणपत्र घेऊन या, मग पाहू.’ हे सांगणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, त्यांची समजूतच तशी होती. पण मध्ये चार वर्षे होती, आणि रोज अपमान पदरी घेऊन चार वर्षे वर्गात बसलेले मूल नववीपर्यंत टिकेल हे कशावरून गृहीत धरायचे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने अध्ययन अक्षमतेचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये केला आहे. कायद्याच्या १६व्या कलमानुसार मुलांमधील अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर हुडकून काढणे आणि त्यावर योग्य ते शैक्षणिक उपाय योजणे, हे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेचे काम आहे. हुडकून काढायचे शाळेने. प्रत्यक्षात आई-वडिलांनीच शंका घ्यायची, त्यांनीच रुग्णालयाच्या फेऱ्या मारायच्या आणि कागद हाती आल्यावर त्यांनीच विनवण्या करायच्या, असा उलटा प्रकार चालू आहे. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर मूल तिसरीत गेल्यावर किंवा आठ वर्षांचे झाल्यावर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, शिक्षकांनी त्याची प्राथमिक चाचणी करावी आणि त्यासाठी शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, असे म्हटले होते. आमच्या शाळेत अशा समितीविषयी विचारले, तेव्हा कोणालाच काही सांगता आले नाही.

यानंतरची अडवणूक असते ती टक्केवारीची. प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व नसेल तर लेखनिक (परीक्षार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती) मिळणार नाही, असे पालकांना सर्रास सांगितले जाते. लिहिताना हाताला अडचण येणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले आहे की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येत नाही.

‘मग इतर मुलांवर अन्याय होत नाही का?’ हा प्रश्न मला पालक सभेत एका आईने विचारला. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर देते. इतिहासाच्या पेपरात इतिहास कळला आहे की नाही ते तपासायचे असते, रफार कुठे दिला ते नव्हे. गेल्या वर्षी गणिताच्या सरांनी आपणहून माझ्या मुलाला पुढच्या बाकावर घेतले. शाब्दिक उदाहरणे ते त्याला एकदा मोठ्याने वाचून दाखवत आणि फळ्यावरचे उतरवून घ्यायला मधल्या सुट्टीतली पाच मिनिटे जास्त देत. आकडेमोड त्याची त्यानेच केली आणि सहामाहीत ४० पैकी ३१ गुण मिळवले. याला एक रुपयाही खर्च आला नाही.

अर्थात सगळा भार वर्गशिक्षकांवर टाकून चालणार नाही. पन्नास-साठ मुलांचा वर्ग आणि वर शाळाबाह्य कामे, अशा स्थितीत ते तरी कुठे कुठे पुरे पडणार? प्राथमिक वर्गांत १० दिव्यांग मुलांमागे आणि त्यापुढच्या इयत्तांत अशा १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण केंद्राने २०२२ साली ठरवून दिले आहे. त्यानुसार कायमची पदे भरणे ही राज्य शासनाची जबाबदारी आहे.

माझ्यासारख्या पालकांना अनुभवातून एक सांगावेसे वाटते. शाळेशी तोंडी बोला, गोडीने बोला, पण मागणी लेखी द्या. मुलाला नेमके काय हवे ते अर्जात मुद्देसूद लिहा, कायद्याच्या १६व्या कलमाचा उल्लेख करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. आमचे दीड वर्ष तोंडी आश्वासनांत गेले. शिक्का असलेल्या अर्जाला मात्र तीन आठवड्यांत उत्तर आले. त्यानेही काम झाले नाही, तर गटशिक्षणाधिकारी आहेत आणि त्यांच्यापुढे पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत.

शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या दोन महिन्यांत तिसरीच्या प्रत्येक वर्गात ही प्राथमिक चाचणी व्हावी आणि ती झाली की नाही याची नोंद शाळा तपासणीच्या अहवालात सक्तीची करावी. माझ्या मुलाची तिसरी केव्हाच मागे पडली. शेजारची मुलगी यंदा तिसरीत जाईल, आणि तिच्या वहीतही मला तेच ‘धर’ दिसले आहे.

आपली विश्वासू,
एक पालक, जिल्हा सातारा
(मुलाच्या हितासाठी नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)