शाळा समितीला अधिकार मिळाला, आता अनुदान जूनमध्ये मिळावे

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

सरकारी शाळांतील मुलांच्या गणवेशाचा निर्णय पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवण्याचे शासनाने डिसेंबर 2024 मध्ये ठरवले आणि 2025-26 या शैक्षणिक वर्षापासून तसा बदल झाला. सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातील एका जिल्हा परिषद शाळेच्या समितीची अध्यक्षा म्हणून मी काम केले आहे, त्यामुळे या निर्णयाचा मला मनापासून आनंद झाला. आमच्या गावात शिवणकाम करणाऱ्या ताईंनी शाळेच्या व्हरांड्यात बसून 42 मुलांची मापे एकेक करून घेतली, वाढत्या अंगाच्या मुलांसाठी बाहीला आणि पायाला आत दोन बोटे जास्तीचे कापड सोडले, आणि एका मुलाचा एक हात दुसऱ्यापेक्षा आखूड आहे हे लक्षात ठेवून त्याच्या दोन्ही बाह्या वेगवेगळ्या मापाच्या शिवल्या. दुरून ठरवलेल्या मापात हे कधीच बसले नसते. एका गणवेशाला 300 रुपये हा दर पहिलीतल्या मुलीला आणि सातवीतल्या उंच मुलाला सारखाच आहे, आणि वरचा फरक अखेर पालकांनाच सोसावा लागतो, ही अडचण राहिलीच आहे; तरीही निर्णय जवळच्या माणसांनी घेतला की काम कसे होते, हे आम्ही पाहिले.

याच अनुभवावरून मला एक मागणी मांडायची आहे. समितीला जसा गणवेशाचा अधिकार दिला, तसा शाळेच्या खर्चाचाही अधिकार खऱ्या अर्थाने द्यावा, आणि त्यासाठी संयुक्त शाळा अनुदान शाळा सुरू होताना, म्हणजे जूनमध्ये, शाळेच्या हाती पडावे.

ज्यांची मुले या शाळांत नाहीत, अशा वाचकांसाठी थोडे सांगते. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षभराच्या किरकोळ खर्चासाठी हे अनुदान मिळते आणि ते पटावर ठरते. 30 पर्यंत पट असेल तर 10 हजार रुपये, 31 ते 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार, अशी त्याची चढती श्रेणी आहे. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. आमच्या शाळेच्या वाट्याला 25 हजार येतात, म्हणजे महिन्याला सुमारे दोन हजार रुपये. एवढ्यात विजेचे बिल, खडू, हजेरीपत्रके, नोंदवह्या, पाण्याच्या टाकीची सफाई, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, झेरॉक्स आणि नळाची तोटी इथपासून सगळे भागवायचे असते. पलीकडच्या वाडीतल्या शाळेचा पट 29 आहे. तिलाही छप्पर तेवढेच, स्वच्छतागृहे तेवढीच आणि वर्गही दोनच. पण तिला वर्षाला 10 हजार मिळतात. पटावर आणखी दोन मुले आली तर तिचे अनुदान 15 हजारांनी वाढेल. तिथल्या मुख्याध्यापकांनी ही गोष्ट मला एकदा इतक्या साधेपणाने सांगितली, की तेव्हापासून ती माझ्या मनातून गेलेली नाही.

रक्कम अपुरी आहे हे दुःख आहेच, पण ती कधी मिळते हे त्याहून मोठे दुःख आहे. मी अध्यक्षा असताना एका वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यातच वाऱ्याने तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गावरची कौले सरकली. कोपऱ्यात धार लागली. मुलांना निम्म्या खोलीत दाटीवाटीने बसवले, पोषण आहाराच्या तांदळाची पोती उचलून कार्यालयात नेली आणि भिंतीवरचे तक्ते काढून ठेवले. समितीची तातडीची बैठक घेऊन दुरुस्तीचा ठराव केला, पण शाळेच्या खात्यावर पैसे नव्हते. शेवटी घरटी वर्गणी काढली. ज्यांना पैसे देणे जमले नाही त्यांनी दोन दिवस अंगमेहनत केली, आणि भातलावणी तोंडावर असताना गावाने ते छप्पर सारखे केले. त्या वर्षीचे अनुदान मार्चच्या चौथ्या आठवड्यात उपलब्ध झाले आणि ते 31 मार्चपूर्वी खर्च करायचे होते. वर्गणीतून झालेल्या जुलैच्या कामाचे पैसे त्यातून परत करता येणार नाहीत, असे आम्हाला सांगण्यात आले. मग चार दिवसांत दरपत्रके मागवून, ठराव लिहून, तालुक्याच्या गावी दुकानात इतर शाळांच्या गुरुजींबरोबर रांगेत उभे राहून आम्ही लोखंडी कपाट आणि सतरंज्या घेतल्या. दोन्ही वस्तू उपयोगी आहेत, नाही असे नाही. पण समितीला विचारले असते तर त्या वर्षी एकाही पालकाने कपाट मागितले नसते.

आता ही रक्कम पूर्वीसारखी खात्यात शिल्लकही राहत नाही. खात्याला खर्चाची मर्यादा दिली जाते आणि न वापरलेली मर्यादा वर्षअखेर संपते. त्यामुळे काटकसर करून पुढच्या पावसाळ्यासाठी चार पैसे मागे ठेवावेत, हा घरात कोणतीही गृहिणी करते तो विचार शाळेला करता येत नाही.

मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या कलम 21 नुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. कलम 22 नुसार समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो, आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाला हाच आराखडा आधार असेल, असे त्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. आम्ही दरवर्षी आराखडा केला. वर्गखोल्यांची लांबीरुंदी मोजली, फुटलेल्या फरशा मोजल्या, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही हेही लिहिले. तो वर पाठवला, त्याची पोच मिळाली आणि पुढे काहीही झाले नाही. अनुदान मात्र पटाच्या तक्त्यावरून आले. आराखड्यातली कोणती बाब मंजूर झाली, कोणती नाकारली आणि का, हे सांगणारी एक ओळही कधी आली नाही.

दुसऱ्या बाजूने जबाबदारी मात्र समितीवर सहज टाकली जाते. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यायची सोय सुरू झाली होती. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी बंद करण्यात आला आणि अंडी द्यायची असतील तर लोकसहभागातून द्या, असे कळवण्यात आले. ज्या गावात लोकांकडे देण्यासारखे आहे तिथे हे जमेल. आमच्याकडे निम्मे बाप मुंबईला माथाडी किंवा हॉटेलच्या कामावर आहेत आणि घर आई किंवा आजी चालवते. तिथे दर आठवड्याला वर्गणी मागायला कोणत्या तोंडाने जायचे?

समित्यांमध्येही दोष आहेत, हे मी लपवणार नाही. काही ठिकाणी अध्यक्षपद गावकीच्या राजकारणात अडकते आणि इतिवृत्ताची वही घरोघर फिरवून सह्या व अंगठे घेतले जातात. आमच्याकडेही सुरुवातीला बैठक सकाळी 11 वाजता असायची, म्हणजे बायका नेमक्या शेतात असताना. ती वेळ बदलून रात्री साडेसातची केली, तेव्हा कोपऱ्यात बसणाऱ्या आया हळूहळू बोलू लागल्या, आणि कडी नसलेल्या स्वच्छतागृहाचा विषय त्यांनीच काढला. पुरुष सदस्यांना तो दोन वर्षे दिसला नव्हता.

शहरांतील महापालिकांची शिक्षण मंडळे बरखास्त करण्याचा निर्णय 2013 मध्ये झाला. ग्रामीण भागात मार्च 2022 मध्ये बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकच कारभार पाहत राहिले. त्या सगळ्या काळात, सामान्य पालकाला आपल्या मुलाच्या शाळेविषयी मत देता येईल अशी जागा म्हणून ही समितीच उरली होती. म्हणून ती केवळ सह्यांपुरती राहू नये, असे मला कळकळीने वाटते.

मागील वर्षीचा पट शासनाच्या संगणकावर नोंदलेला असतोच. त्याच्या आधारे निदान निम्मे अनुदान 15 जूनपूर्वी द्यावे आणि उरलेले दिवाळीनंतर चालू वर्षाचा पट पाहून द्यावे. लहान शाळांसाठी पट कितीही असला तरी छप्पर, पाणी आणि स्वच्छतागृह यांपुरती एक किमान रक्कम ठरवावी. समितीने ठरावाने राखून ठेवलेली थोडी रक्कम पुढच्या पावसाळ्यापर्यंत वापरू द्यावी. आणि प्रत्येक आराखड्याला लेखी उत्तर द्यावे, मग ते नकाराचे असले तरी चालेल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. दहावीचा निकाल आपण तालुकानिहाय छापता. तसेच दरवर्षी कोणत्या तालुक्यातील शाळांना अनुदान कोणत्या तारखेला मिळाले, हेही छापावे. माझी धाकटी मुलगी येत्या जूनमध्ये त्याच तिसरी-चौथीच्या वर्गात बसणार आहे, आणि त्या वर्गाचा वासा यंदा बदलावा लागणार आहे.

आपली विश्वासू,
एक पालक व शाळा व्यवस्थापन समितीची माजी अध्यक्षा,
जिल्हा सातारा