कुणाची वाट बघालाय, काकू?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावातल्या चौकांच्या सुशोभीकरणाच्या बातम्या आपल्याकडे वरचेवर येतात. कारंजे, दिवे, पेव्हर. त्यात माझीही एक भिंत घ्यावी, एवढ्यासाठी हा कागद.

शाळेत चित्रकला शिकवून मी निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात आम्ही सहा जणींनी बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एक कळकट कंपाउंड भिंत मालकाला विचारून रंगवायला घेतली. कॉलेजच्या दोन मुली, वडगावात मागाच्या कांड्या भरणाऱ्या दोघी, एक अंगणवाडी सेविका आणि मी. रोज चार ते सहा. चित्र साधंच: येळ्ळूर, कडोलीहून भाजीच्या बुट्ट्या घेऊन येणाऱ्या बायका. त्याला चौकट म्हणून शहापुरी साडीचा काठ.

पहिल्या दिवशी चौकशी झाली, "कुठल्या मंडळाचं?" दुसऱ्या दिवशी, "कुठल्या पक्षाचं?" तिसऱ्या दिवशी एक सद्गृहस्थ स्कूटर थांबवून म्हणाले, "लिहिणार कुठल्या भाषेत, ते आधीच ठरवा हं." आम्ही ठरवलंच होतं. काहीच लिहिणार नव्हतो. आपल्या गावात पाटीवर एक अक्षर काढलं की मराठी-कन्नड दोन्हीकडची पोरं धावत येतात, आणि मग बुट्टीवाली राहते बाजूला. मी मराठीच्या बाजूची आहे, दर 1 नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, घरात गोड करत नाही, तरीही हे लिहितेय.

पण खरा प्रश्न पुढेच होता. हातात ब्रश असेपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. काम करणारी बाई सगळ्यांना चालते. सहा वाजता ब्रश धुऊन, फुटपाथच्या कडेवर बसून आम्ही चहा घ्यायला लागलो, की पाच मिनिटांत कुणीतरी विचारणार, "काकू, कुणाची वाट बघालाय?" प्रेमानं बरं का, टवाळी नव्हे. रिक्षावाले, पानपट्टीवाले, एकदा तर माझाच जुना विद्यार्थी. कुणाचीच नाही म्हटलं की त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. समोरच्या कट्ट्यावर त्याच वेळी आठ-दहा बाप्ये पाय सोडून बसलेले असत. ते कुणाची वाट बघत होते, हे विचारायला आम्हालाही कधी सुचलं नाही.

मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 साली नेमक्या याच गोष्टीवर पुस्तक लिहिलं. बाईनं घराबाहेर पडायचं तर कारण दाखवावं लागतं, पिशवी, मूल, देवळाचं ताट. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क तिला नाही. आपल्या बेंगळुरात जस्मीन पथेजा या कलावतीनं 2003 साली 'ब्लँक नॉइज' सुरू केलं. त्यांच्या एका उपक्रमात बायका सार्वजनिक बागेत जातात आणि चक्क झोपतात. बस्स, एवढंच. ऐकून मीही हसले होते. मग ठरवलं, आपण हिंदवाडीच्या नाहीतर टिळकवाडीच्या बागेत दुपारी डोळा लावून बघू. नाही जमलं. मला झोपच येईना, पदर सारखा सावरत राहिले. साठीच्या बाईची ही गत, तर विशीतल्या पोरींचं काय सांगावं!

बेंगळुरातच 'अरवाणी आर्ट प्रोजेक्ट'मधून तृतीयपंथी स्त्रिया 2016 पासून भिंती रंगवताहेत. आपल्याकडे सौंदत्तीच्या वाटेवरचे, यल्लम्माला वाहिलेले, साडी नेसणारे जोगते दारात येतात, परडीत दोन रुपये घेऊन जातात. त्यांच्या हाती ब्रश द्यावा हे आम्हा सहा जणींनाही सुचलं नाही, हे कबूल केलेलं बरं.

"काकू, काळजीपोटी विचारतात, रात्रीबिरात्री काही झालं तर?" असं कुणी म्हणेल. मग शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र आठवा. पहाटे दोनला खडेबाजारात कडेवर पोर घेऊन बायका उभ्या असतात, पायऱ्यांवर बसून भजी खातात, म्हाताऱ्या तर चटई टाकून जागा धरतात. विसर्जनाच्या रात्रीही तेच. त्या दोन रात्री कुणी कुणाला हटकत नाही. बायका भरपूर असल्या की बाई दिसण्यात नवल उरत नाही, हे बेळगावला चांगलं ठाऊक आहे. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस मात्र ते विसरतं.

तसा या मुलखातल्या बायकांना रस्ता काही नवा नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायका 1980 च्या सुमारास मजुरीसाठी संघटित झाल्या, मोर्चे काढले. छाया दातार यांनी त्यांच्यावर पुस्तकच लिहिलंय. विधिमंडळाचं अधिवेशन सुवर्णसौधला भरलं की अंगणवाडी आणि आशाताई मांडव टाकून बसतात. मोर्चाला आलेली बाई दिसते, बाजाराला आलेली दिसते. नुसती बसलेली तेवढी खुपते. राणी चन्नम्मा चौकात तलवार घेऊन घोड्यावर बसलेली एक आहे, तिला मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.

11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली. शून्याचं तिकीट हातात घेऊन खेड्यांतून किती बायका शहरात येतात, ते सीबीटीवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उभं राहून बघावं. बाजार अकराला आटोपतो, परतीची बस एकला. मधले दोन तास बसायचं कुठे? आमच्या भिंतीखाली त्या रिकाम्या बुट्ट्या पालथ्या घालून त्यांवर बसतात. दुकानदार पाणी मारून उठवतो. आणि बसण्याचं तरी कसंबसं निभतं. लघवीला जायचं झालं तर? बुट्टीवाली एक मावशी मला म्हणाली, "सकाळपासनं पाणीच पीत न्हाई बघा. प्यालं की जायाला लागतंय." स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत 2016 साली आपलं नाव आलं, तेव्हा फटाके वाजवणाऱ्यांत मीही होते.

जानेवारीत भिंत जवळजवळ पुरी झाली आणि एका रात्रीत तिच्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स आला. खिळे थेट बुट्टीवालीच्या हातातल्या बांगड्यांवर ठोकलेले. कुणाचा, ते लिहीत नाही. दुसऱ्याच आठवड्यात तिथे दुसऱ्याचा आला. आम्ही दोन्ही उतरवून, घडी घालून ठेवलेत, ज्याचा त्यानं घेऊन जावा.

मागणी मोठी नाही. मनपाच्या 58 प्रभागांत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, तेव्हा निदान त्या नगरसेविकांनी तरी मनावर घ्यावं. भाजी बाजाराच्या अंगाला दोन बाक, पाठ टेकता येईल असे. जवळच एक स्वच्छतागृह, ज्याला कुलूप नसेल आणि आत पाणी असेल. उद्घाटनाची कोनशिला बसवलीच तर ती कुठल्या भाषेत, हा वाद घालायला आम्ही येणार नाही. आणि त्या भिंतीवर खिळा मारायला बंदी.

चित्र अजून पुरं व्हायचंय. परवा त्या मावशीनं ते नीट निरखलं आणि म्हणाली, "बाई, एवढी कोथिंबीर कोण आणतंय? मेथी काढा की." तिचं बरोबर आहे. उजव्या कोपऱ्यात जागा आहे, खिळ्यांची भोकं बुजवली की मेथी काढणार आहे.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
शहापूर, बेळगाव