जुने व्हिडिओ गेम आणि त्यांची मासिके रद्दीत जाऊ नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या साफसफाईला घरोघर सुरुवात झाली आहे आणि माळ्यावरची जुनी खोकी खाली उतरू लागली आहेत. त्या खोक्यांत १९९० च्या दशकातले व्हिडिओ गेमचे संच, त्यांच्या कॅसेट, सेलवर चालणारे हातातले गेम किंवा कोणी हौसेने जमवलेली गेमची मासिके असतील, तर ती भंगारात आणि रद्दीत देण्यापूर्वी वाचकांनी थोडे थांबावे, आणि आपल्या शहरातील एखाद्या ग्रंथालयाने त्यांच्यासाठी एक कपाट राखून ठेवावे, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे. राजारामपुरीत गेली २६ वर्षे मी टीव्ही आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचे काम करतो. यातल्या कितीतरी वस्तू माझ्या हाताखालून गेल्या आहेत आणि पुढे त्यांचे काय होते, हे मी जवळून पाहिले आहे.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम हा संच बाजारात आणला आणि १९८५ मध्ये तोच रूप बदलून एनईएस या नावाने अमेरिकेत गेला. आपल्याकडे मूळ संच फार थोड्या घरांत पोहोचला. ‘समुराई’, ‘मीडिया’ अशी नावे घेऊन जे संच आले आणि पुढे बिननावाच्या ज्या नकला दुकानादुकानांत विकल्या गेल्या, त्या बहुतेक फॅमिकॉमच्या धर्तीच्या होत्या. एनईएसच्या कॅसेटला ७२ पिना असतात आणि फॅमिकॉमच्या कॅसेटला ६०. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या जवळजवळ सगळ्या कॅसेट ६० पिनांच्या होत्या, यावरूनच त्यांचे कूळ कळते. ज्या घरात संच घेणे परवडत नव्हते, त्या घरातली मुले मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीतल्या पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजून ‘मारियो’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळत. निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ मध्ये निघाला, पण तो येथे दिसला तर आखाती देशांतून आलेल्या एखाद्या मामाच्या बॅगेतून. आपल्या मुलांच्या हाती होता तो ‘९९९९ इन १’ असे छापलेला विटांचा गेम.

याच काळात परदेशात या खेळांची मासिके निघत होती. १९८१ मध्ये अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ आणि ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ सुरू झाले, १९८६ मध्ये जपानमध्ये आज ‘फामित्सू’ म्हणून ओळखले जाणारे नियतकालिक आले आणि १९८८ ते २०१२ एवढा काळ ‘निन्टेन्डो पॉवर’ निघत राहिले. त्यांत गेमचे नकाशे असत, युक्त्या असत, वाचकांची पत्रे असत आणि जाहिरातींत किमती असत. एखादा गेम त्या काळच्या मुलाला अवघड का वाटला, त्याने तो कशाच्या आशेने विकत घेतला, हे गेमच्या चिपमध्ये साठवलेले नसते. ते या पानांतच सापडते. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ‘ग्रॅडियस’मध्ये बटणांचा एक क्रम घातला होता: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, मग बी आणि ए. हाच क्रम दाबला की ‘कॉन्ट्रा’त ३० जीव मिळत. परदेशातल्या मुलांना तो मासिकांत वाचायला मिळे. कोल्हापुरातल्या मुलांनी तो एकमेकांकडून ऐकून शंभर पानी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला, आणि अशी एक वही आजही माझ्या दुकानात आहे. मला विचाराल तर ती वहीसुद्धा त्या मासिकांच्याच शेजारी ठेवण्याच्या योग्यतेची आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर शाहूपुरीतील एक वृद्ध बाई दोन पोती घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचा मुलगा नोकरीसाठी परदेशात होता आणि त्याने शाळेत असल्यापासून जमवलेले सगळे तळमजल्यावरच्या कपाटात राहून गेले होते. एका पोत्यात दोन संच आणि तीसेक कॅसेट होत्या. दुसऱ्यात मासिके होती: मुंबईत फोर्टच्या पदपथावरून जुन्या बाजारभावाने आणलेले परदेशी अंक, आणि नंतरच्या काळातले ‘डिजिट’चे अंक व त्यांच्यासोबतच्या सीडी. संच मी उघडले, त्यांतला गाळ स्वच्छ पाण्याने धुतला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसले, आठवडाभर वाळवले, दोन कपॅसिटर बदलले आणि एक संच चालू झाला. कॅसेटपैकी निम्म्याहून अधिक वाचल्या. मासिकांतले मात्र एकही पान हाती लागले नाही. गुळगुळीत कागदावर पांढऱ्या मातीचा बारीक थर दिलेला असतो. तो भिजला की चिकट होतो, आणि गठ्ठा तसाच वाळू दिला तर पाने एकमेकांत बसून त्याची वीट होते. असे अंक ओले असतानाच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले, तर पाने सुटी करायला अवधी मिळतो, हे मला पुढे कळले. त्या बाईंच्या पदरात मी ती वीट परत घातली, तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

यंत्राची दुरुस्ती काही काळ तरी होऊ शकते, कागदाची होत नाही, म्हणून मासिकांची घाई अधिक आहे. यंत्रांनाही फार अवधी उरला आहे असे नाही. नकली कॅसेटमध्ये सुट्या चिपऐवजी बोर्डावरच डांबरासारखा काळा ठिपका ओतलेला असतो. तो बिघडला की आत हात घालता येत नाही. ज्या कॅसेटमध्ये खेळ जिथवर आला तिथून पुढे सुरू करता येत असे, त्यांपैकी पुष्कळांत नाण्याएवढा सेल डाखलेला असे, आणि १५–२० वर्षांनी तो संपला की साठवलेले सगळे पुसले जाते. बदकांवर नेम धरायची बंदूक तर आजच्या टीव्हीवर चालतच नाही. खटका ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो टिपतो. हा मेळ जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेला आहे, आणि नव्या पडद्यावर चित्र उमटायला होणारा किंचित उशीरही तो बिघडवतो. तेव्हा संचाबरोबर एक चालू स्थितीतला जुना टीव्ही जपला नाही, तर त्या बंदुकीला केवळ खेळण्याचा आकार उरेल.

अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात रीतसर उपलब्ध नाहीत. याच संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये दीड हजारांहून अधिक जुने मासिक अंक संगणकावर शोधता व वाचता येतील असे खुले केले. बर्लिनमध्ये संगणकीय खेळांचे संग्रहालय १९९७ पासून आहे. हे सर्व चांगलेच आहे, पण कोल्हापूरच्या पार्लरची दरपाटी, नकली संचाचे खोके किंवा ती शंभर पानी वही बर्लिनमध्ये कोणी जपणार नाही.

गेल्या वर्षी शहरातील एका संस्थेकडे मी हा विषय घेऊन गेलो, तेव्हा ‘ही परदेशी खेळणी आहेत, यांचा कोल्हापूरशी काय संबंध’ असे उत्तर मिळाले. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती आपल्या टाऊन हॉल संग्रहालयाचे भूषण आहे. तीही परदेशातूनच आली होती. ती येथे आली, येथल्या माणसांच्या हाती राहिली, म्हणूनच ती आपली झाली. उलट जे निर्विवाद आपलेच होते, ते आपण घालवले आहे. बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवून मूकपट काढले, १९२९ मध्ये ‘प्रभात’ येथेच उभी राहिली. पण पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत, कारण पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होईपर्यंत त्या रिळांना कोणी सांभाळण्याजोगी वस्तू मानले नव्हते.

कायद्याची अडचण पुढे केली जाते, तिच्याविषयीही लिहिणे आवश्यक आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कलम ५२(१)(एन) अन्वये, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवून ठेवता येते. अट एवढीच, की त्या कृतीची मूळ, कागदी वा तत्सम प्रत ग्रंथालयाच्या ताब्यात आधीपासून असली पाहिजे. म्हणजे स्कॅन करण्यासाठीसुद्धा अंक आधी कपाटात यावा लागतो. रद्दीत गेलेल्या अंकाला या तरतुदीचा काही उपयोग नाही.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे आणि शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय सुसज्ज आहे. यांपैकी कोणीही तळमजल्यावर नसलेले एक कपाट, ओल धरणार नाही असे, या कामासाठी द्यावे आणि देणगी देणाऱ्याचे नाव, संच कोणत्या साली व कोठून घेतला, कोण खेळत असे, एवढी नोंद प्रत्येक वस्तूसोबत ठेवावी, अशी माझी विनंती आहे. तोपर्यंत वाचकांनी संचातले आणि हातातल्या गेममधले सेल आजच काढून ठेवावेत, कारण गळलेल्या सेलने जेवढे गेम माझ्यासमोर खराब झाले तेवढे पडून फुटल्यानेही झाले नाहीत. कॅसेटमध्ये फुंकर मारू नये, कारण तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. आणि मासिकांच्या गंजू लागलेल्या पिना अलगद काढून अंक आडवे ठेवावेत. ज्या संस्थेचे कपाट मिळेल, तिच्याकडे येणारा प्रत्येक संच तपासून शक्य तेथे चालू करून देण्याचे काम मी विनामूल्य करीन, आणि माझ्याकडचा चालू स्थितीतला २१ इंची जुना टीव्ही, ती वही आणि शाहूपुरीतल्या बाईंनी माझ्याकडेच ठेवलेला संच सर्वांत आधी तेथे नेऊन देईन.

आपला नम्र,
एक दुरुस्ती कारागीर
राजारामपुरी, कोल्हापूर