रमाचे फोटो

डिचोली, सोमवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

मोपाला विमानात बसल्याचा तुझा मेसेज बाबांच्या फोनवर आला, माझ्या नाही. बरोबरच आहे. चवथीच्या दिवशी तुझ्या सासूबाईंसमोर मी तसं बोलायला नको होतं. गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली तुझी रमा बसली होती, सशाच्या कानांचा फिल्टर लावून तू तिचं रील काढत होतीस आणि मी नेवऱ्यांचा डबा तसाच टाकून ओरडले, पोरीचा चेहरा असा नेटवर टाकू नकोस म्हणून. चुकलं माझं. त्या विषयावर आज एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

रमाची सर्दी कशी आहे? ओव्याची पुरचुंडी कोमट करून छाती शेक. माईंची गोधडी पेटीतून काढली आहे, धाडते.

तू म्हणालीस, "आई, फेसबुकने २०२१ मध्येच चेहरे ओळखणं बंद केलं, शंभर कोटींहून जास्त लोकांच्या चेहऱ्यांची मापं पुसली." खरं आहे, मी नंतर वाचलं. पण त्याआधी इतकी वर्षं फोटोवर नावं लावून त्याला चेहरे शिकवले कोणी? आपणच ना? अमेरिकेत इलिनॉय राज्यात २००८ पासून कायदा आहे, चेहऱ्याचं माप घेण्याआधी लेखी संमती हवी. त्या कायद्याखाली झालेल्या खटल्यात फेसबुकला ६५ कोटी डॉलर मोजावे लागले. आणि चेहरे ओळखून देणाऱ्या क्लिअरव्ह्यू कंपनीने तर लोकांनी उघड टाकलेले अब्जावधी फोटो न विचारता उचलले. फेसबुकने पुसलं तरी दुसऱ्याने उचललेलं कोण पुसणार? सशाचे कान डोक्यावर नीट बसायचे तर त्या फिल्टरला आधी डोळे-नाक शोधावं लागतं. ते शोधणं आणि ओळख पटवणं एक नव्हे, असं तू समजावलंस. तेही पटलं. तरी जीवाला चैन पडत नाही गं.

बघ, परत तेच लिहायला लागले.

पतसंस्थेत मी सव्वीस वर्षं अंगठे घेतले. काजूच्या कारखान्यातल्या बायका यायच्या. सालीच्या तेलाने बोटं भाजून रेघाच उरलेल्या नसायच्या. शाईत बुडवला तरी कागदावर नुसता काळा ठिपका. मी ओला फडका घेऊन त्यांची बोटं पुसायचे आणि आधी कागद पूर्ण वाचून दाखवायचे. मागे रांग ओरडायची, साहेब चिडायचे. पण वाचल्याशिवाय अंगठा घेतला नाही. तू शाळेतून येऊन माझ्या टेबलाखाली बसायचीस, एकदा दहाही बोटं शाईत घालून माझ्या पांढऱ्या साडीवर उमटवलीस. ती साडी अजून आहे. तुला कॉलेजात पहिली आलेली पाहिली तेव्हा मी तीच नेसले होते, तुझ्या लक्षातही आलं नसेल.

पासबुक हरवलं तर आम्ही दुसरं द्यायचो. रमाच्या चेहऱ्याचं काय करायचं? २०२३ च्या आपल्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला आईबापांची संमती लागते असं आहे. म्हणजे रमाच्या वतीने अंगठा तू लावणार. तो कागद तिला कोण वाचून दाखवणार, एवढंच मला विचारायचं होतं. विचारायच्या जागी ओरडले.

तू कॉम्प्युटरातली, मी खतावणीतली. तुला शिकवायला बसले हे बरोबर नाही. राग धरू नकोस. तुझी हुशारी मी शिरोड्याच्या मावशीला रोज ऐकवते, आणि रात्री मात्र त्या रीलवर किती अनोळखी नावं आली ते मोजत बसते. बाबा म्हणतात, फोन ठेव आता.

ते रील काढ किंवा राहू दे, तुझं तू ठरव. पण माटोळीखालचे दोन फोटो कागदावर छापून घे आणि पोस्टाने धाड. पत्ता तोच, तुळशीसमोरचं घर असं लिही, नव्या पोस्टमनला नंबर कळत नाही.

तुझी
आई