वहीतल्या सात काळ्या आणि चार निळ्या नोंदी

इंदूर

वाड्यातल्या वरच्या मजल्यावरील चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे नाव कुठेही छापायचे नाही, ही तुझी अट मी पाळतो आहे. पत्र मात्र उघडे लिहितो आहे. जिना चढून वर येऊन आभार मानले असते, तर "आजोबा, त्यात काय एवढे" म्हणून तू विषय संपवला असतास आणि मला जे सांगायचे आहे ते राहूनच गेले असते. माझा संगणक तू दुरुस्त केलास याबद्दल आभार आहेतच. त्याहून अधिक आभार याचे, की दुरुस्तीला आरंभ करण्यापूर्वी दहा दिवस तू त्या खोक्याचा एक स्क्रूही सैल केला नाहीस.

गुढीपाडव्यानंतर माझा सहा वर्षांचा डेस्कटॉप चालता चालता बंद पडू लागला. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेची बत्तीस पाने मी त्यावर जुळवत होतो. तरुणपणी मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले आहेत. जुळवलेला मजकूर हातातून निसटून खिळे फरशीवर विखुरले की जसे पोटात खड्डा पडल्यासारखे होई, तसेच दर वेळी होऊ लागले. कधी तीन दिवस काही नाही, कधी एकाच सकाळी दोनदा.

तू येण्यापूर्वी दोन दुकाने झाली होती. पहिल्याने विंडोज पुन्हा टाकून दिले, त्यात माझे जुने मराठी फॉन्ट गेले ते गेलेच. दुसऱ्याने रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या, पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, यंत्र दोन दिवस सुरळीत चालले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडल्यावर त्याने मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, बदलायचा सल्ला दिला. हे दोघे अप्रामाणिक होते असे मी म्हणणार नाही. दुकानातल्या टेबलावर माझा संगणक दिवसभर चालत राही, एकदाही बंद पडत नसे, आणि घरी आणला की दुसऱ्या सकाळी जैसे थे. तेव्हा मला तो यंत्राचा खोडसाळपणा वाटे. दोषाचा अर्धा भाग यंत्राच्या बाहेर, आमच्या घरात असू शकतो, हे त्यांच्याही डोक्यात आले नाही आणि माझ्याही.

तू त्या रविवारी आलीस आणि पहिलाच प्रश्न विचारलास, "बंद पडतो म्हणजे पडदा निळा होतो की काळा?" मला उत्तर देता आले नाही. दीड महिना ज्याचा मनस्ताप सोसला, ते नेमके कसे घडते हे मी नीट पाहिलेलेच नव्हते. मग तू शंभर पानी वही मागितलीस, पट्टीने रकाने आखलेस आणि तारीख, वेळ, निळा की काळा, कोणते काम चालू होते हे लिहायला सांगितलेस. शेवटच्या रकान्यावर "घरात त्या वेळी आणखी काय चालू होते" असे लिहिलेस, तेव्हा मला हसू आले होते. संगणकातली एकच गोष्ट तू बदललीस. बिघाड झाल्यावर विंडोज आपोआप पुन्हा सुरू होते, ती सोय बंद केलीस, म्हणजे निळा पडदा आला तर तो तसाच थांबेल आणि त्यावरचा संदेश मला उतरवून घेता येईल.

दहा दिवसांनी वहीत अकरा नोंदी होत्या: सात काळ्या, चार निळ्या. तू इव्हेंट व्ह्यूअर उघडून त्या संगणकाच्या स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहिल्यास. प्रत्येक काळ्या नोंदीच्या वेळेला तिथे 'कर्नल-पॉवर ४१' ही ओळ होती आणि तिच्या तपशिलात बगचेक कोडसमोर, म्हणजे बिघाडाच्या क्रमांकासमोर, शून्य होते. त्याचा अर्थ तू सांगितलास तो असा, की विंडोजला बिघाड नोंदवायला क्षणाचीही सवड मिळालेली नाही. एक तर यंत्र जागीच गोठले असेल किंवा वीज पायाखालून निघून गेली असेल. निळ्या नोंदींचे मात्र क्रमांक होते, आणि चारांपैकी तीन वेगवेगळे होते. "आजोबा, हे एक दुखणे नाही, दोन आहेत," असे तू म्हणालीस, आणि दोन्ही दुकानदारांचे उपाय का फसले ते मला तिथे उमगले. एका वेळी एकच कारण शोधणाऱ्याला दुसरे कारण दर वेळी खोटे पाडत होते.

सातपैकी सहा काळ्या नोंदी एक दिवसाआड होत्या आणि सगळ्या सकाळच्या. मी वही हातात धरून बघत बसलो. इंदुरात १९७८ साली नर्मदेचे पाणी पहिल्यांदा आले तेव्हा मी इथेच होतो, नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर वर चढून येणाऱ्या त्या पाण्याची वेळ साधून ज्या घरात चाळीस वर्षे टाक्या भरल्या गेल्या, त्या घरातल्या मला 'एक दिवसाआड' या शब्दांचा अर्थ तुझ्या आधी कळायला हवा होता. नळाला पाणी येते, आमची मोटर सुरू होते, शेजारच्यांची सुरू होते, आणि माझा संगणक मान टाकतो. शेवटच्या रकान्यात मीच माझ्या हाताने चार वेळा "मोटर" असे लिहून ठेवले होते.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी तू मीटर घेऊन आलीस. अर्ध्या एचपीची मोटर चालताना तीन-चार अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट ओढते, हे सांगून तू मीटर कमीत कमी आकडा धरून ठेवण्याच्या सोयीवर लावलास. २२९ व्होल्टचा दाब मोटरच्या खटक्यासरशी १८० च्या खाली गेला. माझ्या एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या खोक्यावर, २०० ते २४० व्होल्ट असे छापलेले होते. संगणक आणि मोटर एकाच तारेवर होती, आणि इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तेव्हा न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या तारेचा, स्क्रू सैल होऊन काळा पडलेला निघाला. दाबाचा तो खड्डा एवढा खोल पडायला तोही कारण होता.

इथे मी एक शंका काढली होती, ती लिहितो, कारण आणखी कोणाला ती येईल. तू एसएमपीएसची १२ व्होल्टची तार मोजलीस तेव्हा ११.९ आले. पाच टक्के इकडे-तिकडे चालते, म्हणजे ११.४ ते १२.६ यांच्यामध्ये असले तर ठीक. मग हा निर्दोष नाही का? तू समजावलेस, की साधे मीटर सरासरी दाखवते आणि घात होतो तो सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा. चांगला एसएमपीएस पूर्ण भार असतानाही साधारण १६ मिलिसेकंद वीज नसताना तग धरतो, तो आतल्या मोठ्या कपॅसिटरच्या साठ्यावर. तो कपॅसिटर उन्हाळ्यामागून उन्हाळे तापून वाळला की हा तग कमी पडतो. उघडून बघूया असे मी म्हणालो, तर तू माझ्यावर जवळजवळ रागावलीस. त्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टचा साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो लगेच उतरत नाही, हे मला ठाऊक नव्हते. न उघडता तू तुझ्या संगणकाचा एसएमपीएस काढून माझ्या संगणकाला लावलास आणि स्वतः चार दिवस मोबाइलवर अभ्यास केलास. पाण्याचे दोन दिवस गेले, काळी नोंद झाली नाही.

निळ्या नोंदींचे प्रकरण मला अधिक जवळचे आहे, कारण तिथे तुझा अंदाज चुकला. चारही नोंदी मे महिन्याच्या भर दुपारच्या होत्या, म्हणून तू प्रोसेसर तापत असावा असे ठरवलेस. पंख्यातला धुरळा ब्रशने काढलास, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी, पण वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावलीस, आणि तापमान ८८ अंशांवरून ६१ वर आले. मी तर त्याच संध्याकाळी तुला भुट्ट्याचा कीस खाऊ घालून समारंभ उरकला. तिसऱ्या दुपारी पडदा पुन्हा निळा झाला. तू आलीस, वही घेतलीस आणि माझ्या अक्षराखाली तुझ्या अक्षरात लिहिलेस: "माझा अंदाज चुकला. प्रोसेसरचे तापमान हे कारण नव्हे." छापखान्यात मी चाळीस वर्षे काढली, चूक सापडली की ती आधी कोणाच्या माथी मारायची याचाच विचार करणारी माणसे मी जास्त पाहिली, आणि त्यांत मी स्वतःही धरला पाहिजे. विशीतल्या मुलीने आपली चूक शाईने लिहून तारीख घातलेली मी प्रथमच पाहिली.

त्या रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून तू झोपायला गेलीस. पहिली फेरी निर्मळ गेली, दुसरीही. पहाटे मी उठलो तेव्हा तिसरी फेरी चालू होती आणि पडद्यावर लाल ओळी उमटल्या होत्या. रॅममध्ये एक चूक सापडली तरी ती एक फार झाली, असे तू आधीच बजावले होतेस. मग रॅमचा वाढीव ३२०० चा वेग काढून तो २४०० वर आणलास, तरी लाल ओळी आल्या. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या एकेक करून, एकाच खाचेत घालून तपासल्यास, तेव्हा त्यांतली एक दोषी ठरली. दुसरी पट्टी त्याच खाचेत रात्रभर बिनचूक चालली, म्हणजे मदरबोर्डवरचा आळही गेला. पट्टी तापल्यावर चुकत असावी आणि म्हणून दुपारचा योग, हे तू सांगितलेस. त्यालाही "बहुधा" जोडायला विसरली नाहीस.

पुढचे थोडक्यात. मोटरला वेगळी तार आणि वेगळा एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच, झाला. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा नवा एसएमपीएस मी आर.एन.टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलमधून आणला. यूपीएसची बॅटरी संपली म्हणून मी तो दोन वर्षे माळ्यावर टाकला होता, त्यात १२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी पडली. रॅमची पट्टी वॉरंटीत बदलून मिळाली. एकेक बदल झाल्यावर तीन दिवस थांबायचे आणि मगच दुसरा करायचा, हा तुझा हट्ट मला तेव्हा जाचक वाटला होता. आता विचारलेस तर कोणत्या बदलाने काय थांबले ते मी वही न बघता सांगू शकतो.

स्मरणिकेची बत्तीस पाने छापायला गेली आहेत. वहीत गेल्या सत्तेचाळीस दिवसांत नवी नोंद नाही. सातवी काळी नोंद मात्र अजून उलगडलेली नाही: रात्री सव्वादहा, पाण्याचा दिवस नव्हता, मोटर बंद होती आणि शेवटचा रकाना मी कोरा सोडला होता. कोरा का सोडला, ते आठवत नाही; त्याबद्दल तू मला बोललीस ते योग्यच होते.

तुझा एसएमपीएस पुसून त्याच्या मूळ खोक्यात ठेवला आहे, तुझा फुलीचा स्क्रूड्रायव्हरही त्यातच आहे. वहीची उरलेली पाने कोरी आहेत. ती मी माझ्याकडेच ठेवून घेतो.

तुझा,
खालच्या मजल्यावरचे आजोबा