सॅम्पल उलटं केलं

प्रिय बाळ्या,

दीड वर्ष झालं तुला लिहून. बारशाला आलो नाही, नंतर तुझे दोन फोनही उचलले नाहीत. त्याची लाज वाटते, आणि ती आधी सांगून टाकतो. तब्येत ठीक आहे, पाठ तेवढी अधूनमधून धरते. लिहायला बसलो ते मंगळवारच्या रात्रीमुळे. आईला सांगून पाहिलं, ती म्हणाली, "आधी जेवून घे." हे तुलाच कळेल.

सॅम्पल उलटं केलं आणि सिग्नलचं चिन्ह उलटलं.

इथे तू पत्र खाली ठेवलं असशील. तरी सगळं सांगतो, कारण मलाच एकदा नीट मांडायचंय. काच चांदीच्या वाफेसमोर पंच्याऐंशी अंशांत तिरकी धरायची आणि हळूहळू फिरवत राहायची. आधी बसलेल्या कणांच्या सावलीत नंतरचे अणू पोचत नाहीत, म्हणून चांदीचा सपाट थर न होता खांब उभे राहतात, आणि काच फिरेल तसा खांब पीळ घेतो. तीनशे नॅनोमीटर उंचीच्या लाखो स्प्रिंगा. प्रकाश आला की तारेतले इलेक्ट्रॉन हलतात. तार वळलेली असल्यामुळे तो प्रवाह पुढेही जातो आणि गोलही फिरतो, म्हणून विद्युत आणि चुंबकीय परिणाम एकाच रेषेत येतात. त्यामुळेच उजवा फिरणारा प्रकाश जास्त गिळला जातो आणि डावा कमी, किंवा उलट. जगदीशचंद्र बोसांनी १८९८ साली पीळ दिलेल्या तागाने विद्युत लहरींच्या ध्रुवणाचं प्रतल फिरवलं होतं. आमचं मूळ तिथेच आहे, फक्त ताग लहान झालाय.

डाव्या-उजव्या शोषणातला फरक भागिले सरासरी, हा आमचा आकडा. तो जास्तीत जास्त २ होऊ शकतो. साध्या रेणूंचा हजारात एक, बहुतेकदा त्याहूनही कमी. माझा ०.२८ येत होता. दोन वर्षं, दर सॅम्पलला. प्रकाशाच्या अक्षाभोवती पंधरा-पंधरा अंशांनी फिरवूनही पाहिला होता, आकडा ढिम्म हलला नाही. म्हणून मी निर्धास्त. मंगळवारी डिटेक्टर गरम होईपर्यंत वेळ होता, म्हणून काच पालथी घालून लावली. उणे ०.२२.

स्प्रिंग पालथी घातली तरी तिचा पीळ बदलत नाही, म्हणजे चिन्हही बदलायला नको होतं. हे मला तूच बॉलपेन उघडून दाखवलं होतंस, आठवतंय? उजवा सर्क्युलर प्रकाश कोणता यावरून आपण चार दिवस बोललो नव्हतो. तू प्रकाशाच्या पाठीमागे उभा राहून बघायचास, मी समोरून. काकूंनी आपली ताटं दोन टेबलांवर वाढायला सुरुवात केली होती. शेवटी दोन्ही पद्धती पुस्तकांत सापडल्या, आणि चहाचे पैसे तरी मीच दिले. ते अजून येणं आहे.

मग एसईएमच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या, जुन्या चित्रांवर पुन्हा बसलो. तारांनी पीळ पुरता घेतलेलाच नाही. बऱ्याचशा एकाच अंगाला कलंडल्यात, वरून बघितलं तर स्वल्पविरामांची ओळ. आणि स्वल्पविराम काचेच्या मागून पाहिला तर उलटाच दिसणार. शोषणाचा अक्ष एकीकडे, अपवर्तनांकाचा दुसरीकडे, आणि दोघांनी मिळून पिळाचं सोंग घेतलेलं. सॅम्पल फिरवून ते सोंग उघडं पडत नाही, पालथं घातल्यावरच पडतं. दोन्ही आकड्यांची सरासरी घेतली तर खरा पीळ उरतो ०.०३.

पेपर पंधरा तारखेला जायचाय. सरांनी मसुदा दोनदा वाचलाय. ज्युनिअर मुलगी माझ्याच सॅम्पलांवर तिचं काम उभं करतेय, तिला काय सांगू? फेलोशिप मार्चमध्ये संपते. रात्री पावणेदोनला मनात आलं की पालथा ग्राफ कुणी मागितलेला नाही. तुझ्यापासून काय लपवायचं, आलं मनात.

आणि मग तुझा पोलरिमीटर आठवला. साखरेचं पाणी ध्रुवित प्रकाश किती फिरवतं, त्याचं उत्तर सगळ्या वर्गाच्या जर्नलात ६६.५. तुझं एकट्याचं ६१, कारण तुझं ६१ आलं होतं. मी रीडिंगं मागितली तर दिली नाहीस, आणि मी तुला सगळ्यांसमोर हरिश्चंद्र म्हटलं. सहा मार्क गेले तुझे. त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. आज बोलतो: चूक माझी होती.

०.०३ कमी वाटतो, पण रेणूंच्या किती तरी पट आहे. काच फिरवायचा वेग बदलून पीळ नीट बसवता येईल का, ते बघायचंय. सहा महिने लागतील. फेलोशिपला नाहीत तेवढे, पण सॅम्पलला लागतील.

तुझं कसं चाललंय? काकांचा मोतीबिंदू झाला का? दुकानात तुझ्याभोवती हजारो स्क्रू, सगळे एकाच हाताचे. वेगळा म्हणायचा तर ॲसिटिलीनचा तो डावा नट. मुलीचा फोटो पाठव, वहिनींना नमस्कार सांग. जाड्याचं लग्न ठरलं हे मला तिसऱ्याकडून कळलं, त्याला चांगला झाड.

उद्या दहाला सरांकडे जातोय. दोन्ही ग्राफ एकाच कागदावर छापून घेतलेत, सुलटा निळा, पालथा लाल. साडेअकराला तुला फोन करतो. गिऱ्हाईक असलं तरी उचल.

तुझाच,
मधू