माशांची पळापळ समजावून सांगणाऱ्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, फोनवर तुम्हाला थँक्यू म्हटलं होतं पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही, म्हणून आज जरा सविस्तर आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण गोल्डफिश पाळणाऱ्या कितीतरी जणांच्या टँकमध्ये आत्ता या क्षणी एक मासा दुसऱ्याच्या मागे हात धुवून लागला असेल आणि घरातला प्रत्येक जण वेगवेगळं निदान करत असेल.

माझ्याकडे तेच चाललं होतं. कोणी म्हणे हा मासा दादागिरी करतोय, वेगळा काढ. कोणी म्हणे भूक लागलीय, खाणं वाढव. आणि त्याच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके दिसले तेव्हा तर एकानं ठामपणे सांगितलं की हा व्हाईट स्पॉट नावाचा रोग आहे, आजच औषध टाक नाहीतर सगळे जातील. अशा गोंधळात तुम्ही एकटेच असे भेटलात ज्यांनी सल्ला द्यायच्या आधी प्रश्न विचारले, आणि तुमचा पहिलाच प्रश्न माझ्या अजून डोक्यात आहे, की तो नाक कुठे लावतोय ते बघ.

मी टँकसमोर बसून बघितलं. तो तिच्या मागून, जरा खालच्या बाजूनं, पोटाच्या शेवटाशी ढुशी देत होता, परत परत त्याच जागी, चावत अजिबात नव्हता, आणि ती पळत पळत झाडांच्या गर्दीत घुसली की हा पण तिला चिकटून आत आणि मग दोघंही अंग थरथरवायचे. टँकमधल्या बाकीच्यांकडे त्याचं लक्षही नव्हतं. हे सांगितल्यावर तुम्ही लगेच म्हणालात, हे भांडण नाही, हे स्पॉनिंग आहे, म्हणजे अंडी घालायची तयारी, आता मादीचं पोट वरून बघ. आणि खरंच, वरून पाहिलं तर ती एका बाजूला जास्त फुगलेली होती, साईडनं बघून ते कधी कळलंच नसतं.

मग ठिपक्यांचं. यासाठी तर तुमचे किती आभार मानू. तुम्ही समजावलंत की ब्रीडिंगच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पहिल्या जाड काट्यावर बारीक पांढरे कडक दाणे येतात, त्यांना ट्यूबरकल म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा नीट ओळीत असतात. व्हाईट स्पॉट मात्र कुठेही येतो, अंगावर, शेपटीवर, मिठाचे कण सांडल्यासारखा, आणि मासा पर आवळून बसतो, दगडांना अंग घासतो, श्वास भरभर घेतो. माझ्या नराला यातलं काहीच नव्हतं. त्या दिवशी औषध पडलं असतं तर ऐन अंडी घालायच्या वेळी चांगल्या माशांना उगाच त्रास झाला असता. ज्यांना कोणाला असे ठिपके दिसतील त्यांनी आधी ते कुठे आहेत हे बघा, प्लीज. आणि दाणे दिसले नाहीत म्हणजे मादीच असं पण नाही, काही नरांना ते जेमतेम येतात, हे पण तुम्हीच सांगितलंत.

मला सगळ्यात भारी वाटलं ते यामागचं कारण. पाणी थंडीनंतर हळूहळू गरम व्हायला लागलं आणि दिवस मोठा झाला की यांच्या शरीराला सिग्नल मिळतो, आणि अंडी तयार झाली की मादी पाण्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडते, त्याचा वास नरांना येतो, म्हणून एकाच मादीमागे दोन-तीन नर लागतात. म्हणजे जी पळापळ आपल्याला मारामारी वाटते ती पाण्यातून आलेल्या निरोपावर चाललेली असते! मी तोपर्यंत मासे फक्त रंगासाठी बघत होते हो.

पण तुम्ही नुसतं "नॉर्मल आहे" म्हणून सोडून दिलं नाहीत, आणि याबद्दल मला जास्त कौतुक आहे. स्पॉनिंग असलं तरी मादी दमते. तिचे खवले निघायला लागले, ती तळाशी पडून राहिली, किंवा कोपऱ्यात तोंड खुपसून उभी राहिली तर मध्ये जाळीचं पार्टिशन घालून तिला आराम द्यायचा. आणि खरी दादागिरी कशी ओळखायची तेही सांगितलंत, त्यात ढुशी पोटाशी नसते, पर आणि शेपटी कुरतडली जाते, खाणं टाकलं की जोर वाढतो, नाहीतर एखादा मासा एकच कोपरा धरून येईल त्याला हाकलतो. सिक्लिड जातीच्या माशांमध्ये तर जोडी अंड्यांची राखण करताना सगळ्यांनाच पळवते, तिथे पळवणारे आई-बाप असतात. गप्पी या छोट्या माशांचं आणखी वेगळं, तिथे नर बाराही महिने मागे असतो म्हणून एका नराला दोन-तीन माद्या ठेवायच्या. म्हणजे पळापळ दिसायला सारखीच, पण मासा कुठला यावर उत्तर बदलतं.

अंडी पडली तेव्हा पाणी एकदम गढूळ झालं, वर फेस आला, तर तुमचं सांगणं आधीच ऐकलेलं असल्यामुळे मी घाबरले नाही. अमोनिया टेस्ट केली, साधारण पाव टँक पाणी बदललं, आणि गोल्डफिश स्वतःचीच अंडी खातात हे तुम्ही बजावलं होतं म्हणून अंडी चिकटलेली झाडं लगेच त्याच टँकचं पाणी भरलेल्या दुसऱ्या टबात हलवली, एक साधा स्पंज फिल्टर लावून. अंडी जेमतेम दीड मिलिमीटरची, फिकट पिवळसर, आरपार दिसणारी. दुसऱ्या दिवशी काही पांढरी पडली, त्यांच्यावर बुरशी यायला लागली, ती तुम्ही सांगितल्याप्रमाणे ड्रॉपरनं ओढून काढली. उरलेल्यांमध्ये नंतर दोन काळे ठिपके दिसायला लागले, ते डोळे होते दादा! मी भिंग घेऊन बघत बसले होते, घरच्यांना पण हाका मारून मारून दाखवलं.

पाण्याच्या तापमानाप्रमाणे ४ ते ७ दिवस लागतात म्हणालात, तसंच झालं. पिल्लं आधी नुसती काचेला आणि पानांना चिकटून होती, पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवरच त्यांचं भागत होतं, म्हणून पोहायला लागेपर्यंत काहीच घातलं नाही, मग इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, आणि आता ब्राइन श्रिंपची, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जीवांची, अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं. खाल्लं की पोटं केशरी दिसतात, त्यामुळे कोणी उपाशी राहिलं का ते पण लगेच कळतं.

तुमच्या कामाच्या वेळात मी कितीदा फोन केले आणि एकदाही तुमचा आवाज चढला नाही. तेच तेच परत विचारलं तरी तुम्ही "आधी काय दिसतंय ते सांग" म्हणूनच सुरुवात केलीत, आणि त्यामुळे मला बघायला शिकता आलं, याची परतफेड कशी करायची खरंच कळत नाही. सध्या पिल्लं सगळी मातकट हिरवट रंगाची आहेत, रंग फिरायला काही महिने लागतील असं तुम्ही म्हणालाच आहात. एखाद्याच्या अंगावर केशरी छटा दिसली की पहिला फोटो तुम्हालाच पाठवते, आणि तुमच्या टँकमध्ये जागा असेल तर त्यातली हवी ती पिल्लं तुम्ही आधी निवडायची, बाकीच्यांना मी नंतर देईन.